गप्प आणि शांत



शाळेत शिकवीत असताना एक गोष्ट मला फार उशिरा कळली. नवीन शिक्षिका वर्गावर जाते तेव्हा तिला वाटते, मुले गप्प बसली म्हणजे वर्ग शांत झाला. पाच-सात वर्षे खडू झिजवल्यावर लक्षात येते की गप्प वर्ग निराळा आणि शांत वर्ग निराळा. गप्प वर्गात मुलांचे डोळे बाईंच्या हातातल्या पट्टीवर असतात, शांत वर्गात ते वहीवर असतात. व्हरांड्यातून जाणाऱ्या मुख्याध्यापकांना मात्र दोन्ही वर्ग सारखेच दिसतात.

हा धडा मी शाळेत शिकले आणि घरी विसरले. त्याची आठवण मला एका कुत्र्याने करून दिली. सणाच्या दिवसांत घरातल्या कुत्र्याला शांत आणि सुरक्षित कसे ठेवावे, हा विषय आपल्या पानांवर कोणाला हलका वाटेल. मलाही पूर्वी वाटला असता. पण त्याच्या पोटात एक अवघड प्रश्न आहे. आपल्या आनंदाची किंमत अशा जिवाने का भरावी, ज्याला तो आनंदाचा दिवस आहे हेच ठाऊक नाही? या प्रश्नाचा विचार मी माझ्या एका चुकीपासून सुरू करते.

आम्ही आश्दोदला तळमजल्यावर राहतो. मागे हातभर अंगण आहे. मुलगा आणि सून दोघे नोकरी करणारे, त्यांचे घर चौथ्या मजल्यावर. त्यामुळे नातवाने हट्ट करून आणलेला कुत्रा २०१६ सालापासून आमच्याकडेच वाढला. रंगाने तपकिरी म्हणून नातवाने त्याचे नाव ठेवले शोको. आमचे हे म्हणत, "कुत्रा त्यांचा, आणि केस आपल्या सोफ्यावर!" पण रोज सकाळी त्याला फिरवून आणणारेही हेच.

२०१८ साली इस्राएल राष्ट्राला सत्तर वर्षे झाली. १८ एप्रिलच्या संध्याकाळी योम हाआत्समाउत सुरू होणार होता आणि आमच्याकडे पंधरा माणसे जेवायला होती. त्यांत लोदहून आलेली माझी मावशी होती. वय ऐंशीच्या पुढे. तिला लहानपणी पेणला कुत्रा चावला होता. त्या काळी आपल्याकडे पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत. ज्याने ती घेतली तो जन्मभर विसरत नसे. मावशीने फाटकातूनच सांगितले, "आधी ते जनावर बांध, मग मी आत पाय ठेवीन." आम्ही सगळे हसलो. मी शोकोला अंगणाच्या कोपऱ्यात लोखंडी जाळीला दोरीने बांधले, पाण्याचे भांडे ठेवले आणि पाहुण्यांच्या गडबडीला लागले.

थोडा वेळ तो भुंकला, कण्हला. मग गप्प झाला. मी मावशीला म्हटले, "बघ, झाला ना शांत?" हे वाक्य मला आजही टोचते.

रात्री आतषबाजी सुरू झाली. पोरे टाळ्या पिटत रस्त्यावर धावली, आम्हीही वर बघत उभे राहिलो. सगळे आटोपल्यावर मी ताटातली हाडे घेऊन अंगणात गेले. दोरीला नुसता पट्टा लोंबत होता. जाळीला रक्त लागले होते. कुत्रा नव्हता.

रात्री तीन वाजेपर्यंत आम्ही बॅटऱ्या घेऊन गल्लोगल्ली हाका मारीत हिंडलो. नातू सहा वर्षांचा, रडून रडून त्याचा आवाज बसला. दोन दिवसांनी एका वेटरिनारचा फोन आला. कारखान्यांच्या भागात, उभ्या ट्रकखाली कोणाला तरी तो सापडला होता. मानेत चिप होती, तिच्या नंबरावरून आमचे नाव निघाले. चारी पंजांची कातडी सोलवटली होती. घरी आला आणि पलंगाखाली जाऊन बसला. दोन दिवस त्याने अन्नाला तोंड लावले नाही.

त्या शुक्रवारी शब्बाथचे दिवे लावताना नातवाने मला विचारले, "आजी, तू तर सांगतेस की शब्बाथला जनावरालाही सुट्टी असते. मग आपला सण शोकोचा नव्हता का?"

चाळीस वर्षे मी मुलांना प्रश्न विचारले. त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही.

दहा आज्ञांतली शब्बाथची आज्ञा आपण सगळे तोंडपाठ म्हणतो. त्या दिवशी कोणी कोणी काम करावयाचे नाही याची तिच्यात यादीच आहे. मुलगा, मुलगी, दास, दासी, जनावर आणि दाराशी आलेला परका. जनावराचे नाव परक्याच्याही आधी येते. आपल्या पूर्वजांना तर कोकणात नावच पडले ते शनवार तेली. लोकांना नवल वाटे की हे तेली शनिवारी घाणा का फिरवीत नाहीत. पण घाणा माणूस थोडाच फिरवतो? घाणा बैल फिरवतो. म्हणजे शनिवारी घाणा थांबला, तो बैलाच्या खांद्यावरचे जू उतरल्यामुळे. तोरा, सिद्दूर, हिब्रू अक्षरे यांचा संबंध विरळ झाला होता त्या काळातही आपल्या लोकांची जी ओळख टिकली, तिच्यात एका मुक्या जनावराची विश्रांती होती. ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

आता कोणी म्हणेल, बाई, बैलाला विश्रांती देणे निराळे आणि कुत्र्याचे लाड करणे निराळे. आणि आजूबाजूला माणसे मरत असताना कुत्र्याच्या भीतीची चिंता करणे शोभते का? हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. आपण ज्या देशात राहतो तेथे तो खराच आहे. पण त्यात एक गृहीत धरले आहे, ते असे की दया मोजकी असते. आपल्यापैकी पुष्कळांनी रेशनच्या रांगा पाहिल्या आहेत. दया हे काही रेशनचे तेल नव्हे, की एकाला पळीभर जास्त दिले तर दुसऱ्याला कमी पडावे. माझ्या पाहण्यात तरी, ज्या घरी कुत्र्याच्या भांड्यात वेळेवर पाणी असते, त्या घरी म्हाताऱ्या माणसालाही पाणी मागावे लागत नाही.

मग जनावराशी आपण दयेने वागावे ते कोणासाठी? त्याच्यासाठी, की आपल्यासाठी? यावर आपल्या दोन थोर गुरूंची मते निराळी आहेत. रामबान, म्हणजे मोशे बेन नाहमान, पक्ष्याच्या घरट्याविषयीच्या आज्ञेवर लिहिताना म्हणतात की अशा आज्ञा माणसाचे मन घडवण्यासाठी आहेत. आपण क्रूर होऊ नये म्हणून देवाने त्या दिल्या. त्यांच्या आधी होऊन गेलेले रामबाम, म्हणजे मोशे बेन मैमोन, दुसऱ्या बाजूने बघतात. गाय आणि तिचे वासरू एकाच दिवशी कापू नये, अशी आज्ञा लेवीय या पुस्तकात आहे. 'मोरे नेवुखिम' या ग्रंथात तिचे कारण देताना रामबाम सांगतात की आपल्या डोळ्यांदेखत पिलू मारले जाताना आईला जे दुःख होते, त्यात माणूस आणि जनावर असा फरक नाही. कारण आईची माया बुद्धीतून येत नाही. ती मनाच्या ज्या शक्तीतून येते, ती माणसाप्रमाणे जनावरांतही आहे.

हे मी पूर्वी वाचले होते, पण ती रात्र गेल्यावर ते समजले. बॅटरी घेऊन हिंडताना मला माझ्या स्वभावाची काळजी नव्हती. मी क्रूर झाले की काय, असा विचारही मनात आला नाही. एकच विचार होता, की तो कुठेतरी थरथरत बसला असेल. तेव्हा रामबानांचा पूर्ण आदर राखून मी म्हणते की आपले देणे त्या जिवाचेच आहे. आपले मन सुधारले तर तो वरचा लाभ.

आणि रामबामांनी जे मायेबद्दल सांगितले, तेच भीतीबद्दल खरे नाही का? भीती बुद्धीतून येत नाही. म्हणून बुद्धीला पटेल असे कारण दाखवून ती जात नाही. माणसाचा कान सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकतो, कुत्र्याचा सुमारे ४५,००० पर्यंतचा. म्हणजे आपल्याला जो नुसता बार वाटतो, त्यातले कितीतरी आपल्याला ऐकूच येत नाही आणि त्याला येते. त्यातून या देशात आकाशातला स्फोट कधी आनंदाचा असतो आणि कधी खराच असतो. आश्दोदला भोंगा वाजल्यापासून आसऱ्याला पोहोचायला ४५ सेकंद मिळतात. त्या ४५ सेकंदांचा आवाज आणि सणाचा आवाज यांतला फरक कुत्र्याला कोणत्या भाषेत समजावून सांगावा?

तालमुदमध्ये रब्बी येहुदा हानासी यांची एक गोष्ट आहे. कापायला नेत असलेले एक वासरू पळत येऊन त्यांच्या झग्यात डोके खुपसून रडू लागले. रब्बी म्हणाले, जा, तुझा जन्मच त्यासाठी आहे. तेव्हापासून त्यांना दुखणे लागले आणि ते तेरा वर्षे टिकले. पुढे एके दिवशी घरातली मोलकरीण केर काढताना काही लहान पिले झाडून टाकीत होती. रब्बींनी तिला थांबवले. देवाची करुणा त्याच्या सर्व कृतींवर आहे, याची आठवण तिला दिली आणि त्यांचे दुखणे गेले.

वर्गात ही गोष्ट सांगितली की एखादे हुशार मूल हमखास विचारी, "पण बाई, रब्बी खोटे कुठे बोलले? आपण मांस खातोच की." मुलाचे बरोबर होते. मांस खाणे तोराने निषिद्ध केलेले नाही. माझी समजूत अशी आहे की रब्बींचे वाक्य खोटे नव्हते, पण भ्यालेल्या जिवाला ऐकवण्याचे ते वाक्य नव्हते. जो आपल्या झग्यात डोके लपवतो, तो कारण विचारायला आलेला नसतो. आपणही हेच करतो. "अरे, नुसते फटाके आहेत!" हे वाक्यसुद्धा खरेच असते.

आता मावशीकडे वळते, कारण न्याय तिलाही मिळाला पाहिजे. त्या संध्याकाळी माझ्यापुढे दोन भीती होत्या, एक मावशीची आणि एक शोकोची. मावशीच्या भीतीला आम्ही हसलो आणि शोकोच्या भीतीकडे पाहिलेच नाही. जो बोलू शकत होता त्याचे ऐकले आणि जो बोलू शकत नव्हता त्याला बांधले. यात दुष्टपणा नव्हता. विचारच केला नव्हता. एक दार लावण्याइतके सोपे उत्तर समोर असताना मी दोरी शोधली. किप्पुरला आपले वाडवडील दारफाळणीचा सण म्हणत, कारण त्या दिवशी घराची दारे बंद करून माणसे आत राहत. मला वाटते, प्रत्येक गोंगाटाच्या सणाला घरातल्या मुक्या जिवासाठी अशी थोडीशी दारफाळणी असावी.

पुढच्या वर्षी तसेच केले. शोको आतल्या खोलीत, मावशी दिवाणखान्यात, मध्ये बंद दार. जेवण झाल्यावर मावशीनेच विचारले, "त्याला कोणी खायला घातले का?" जवळ मात्र ती गेली नाही. जावे असा आग्रहही आम्ही धरला नाही.

त्या अपघातानंतर वेटरिनारकडून आणि अनुभवातून जे शिकले, ते येथे लिहिते. ज्यांच्या घरी कुत्रा नाही त्यांनीही वाचावे, कारण पाहुणे म्हणून आपण कुत्रा असलेल्या घरी जातो.

ज्या रात्री आतषबाजी असेल, त्या दिवशी कुत्र्याला उन्हे असतानाच फिरवून आणावे, आणि तेही पट्टा हातातून न सोडता. अंधार पडण्यापूर्वी त्याला घरातल्या सर्वांत आतल्या खोलीत न्यावे. ज्यांच्याकडे ममाद आहे त्यांना दुसरे काही शोधायला नको. जाड भिंती आणि पोलादी खिडकी जशी आपल्याला उपयोगी पडते तशी त्यालाही पडते. तेथे त्याचे अंथरूण, पाणी आणि आपल्या अंगाचा वास असलेली एखादी जुनी चादर ठेवावी. पंखा किंवा रेडिओ हळू आवाजात चालू ठेवावा, म्हणजे बाहेरचे बार बोथट होतात. सणाच्या दिवशी पहिल्यांदाच त्या खोलीत कोंडले तर त्याला ती शिक्षा वाटेल. म्हणून आधीचे काही दिवस तेथे खाऊ देऊन सवय करावी.

बांधून कधी ठेवू नये. भ्यालेला कुत्रा पळतो, आणि पळता आले नाही तर स्वतःला जखमी करतो. पाहुणे येताजाताना फाटक उघडे राहते, ते एकाच माणसाच्या अंगावर सोपवावे. गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर असावा. या देशात चिप बसवणे कायद्याने सक्तीचे आहेच, पण चिपच्या नोंदीतला आपला फोन नंबर बदलला असेल तर तो कळवायचे पुष्कळजण विसरतात.

कुत्रा थरथरत असताना त्याच्याजवळ बसलो तर त्याची भीती वाढते, असे पूर्वी सांगत. आता वेटरिनार तसे सांगत नाहीत. भीती हे काही खोड्याळपणाचे नाटक नव्हे, की लाड केल्याने ते वाढावे. त्याला जवळ यायचे असेल तर येऊ द्यावे, पलंगाखाली राहायचे असेल तर राहू द्यावे. ओढून बाहेर काढू नये.

फार घाबरणाऱ्या कुत्र्यासाठी औषधे आहेत, पण ती सणाच्या आधी काही आठवडे वेटरिनारला विचारून ठरवावी. आपली झोपेची गोळी त्याला कधीही देऊ नये. मला एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. काही औषधे अशी असतात की त्यांनी अंग सुस्त होते, पण कान आणि भीती जागीच राहतात. कुत्रा हलत नाही, भुंकत नाही, आपण निवांत होतो, आणि आत त्याचे काळीज धडधडतच असते. म्हणून वेटरिनारला हा प्रश्न स्पष्ट विचारावा, की या गोळीने तो शांत होईल की फक्त गप्प होईल?

खाण्याचेही पथ्य आहे. आपला मलिदा पाहा. पोहे, खोबरे, वेलची ठीक, पण बेदाणे! द्राक्षे आणि बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ल्याने होतील याचा भरवसा नसतो. एलियाहू हन्नाबीच्या नावाने केलेला प्रसाद प्रेमाने कुत्र्यापुढे टाकणारी माणसे मी पाहिली आहेत. पेसाहच्या हारोसेतमध्ये बेदाणे असतील तर तेही देऊ नये. कांदा, लसूण, चॉकलेट, वाइन आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेल्या गोळ्या ही सगळी त्याला विषे आहेत. शिजलेल्या कोंबडीचे हाड तडकून त्याचे सुईसारखे तुकडे होतात. त्या रात्री मी हाडे घेऊन अंगणात गेले होते, ते प्रेमानेच.

पेसाहला आणखी एक अडचण येते. कुत्र्याच्या तयार खाण्यात पुष्कळदा गहू असतो आणि हामेत्स आपल्याला घरात ठेवता येत नाही. अशा वेळी गहू नसलेले खाणे आणावे, पण ऐन सणाला एकदम बदलू नये, आठवडाभर आधी थोडे थोडे मिसळत न्यावे. आणि किप्पुरचा उपास आपला आहे, त्याचा नाही. त्याचे भांडे त्या दिवशीही वेळेवर भरावे.

शेवटचे पथ्य सर्वांत जुने. आपण जेवायला बसण्यापूर्वी जनावराला खायला घालावे, असा तालमुदचा नियम आहे. हे मला फार पुढे कळले. पण अलिबागला इस्राएल आळीत माझी आजी पुरुषांची पाने मांडण्याआधी ओटीवरच्या मोतीला अर्धी भाकरी टाकीत असे. तिला तालमुद वाचता येत नव्हता. दिवाळीत शेजारी बार उडू लागले की ती माजघराचे दार लोटून मोतीला आत घेई आणि त्याच्याजवळ तांदूळ निवडत बसे. त्याला ती काही बोलत नसे.

मिसरातून आपले पूर्वज निघाले त्या रात्री एकही कुत्रा त्यांच्यावर भुंकला नाही, हे तोराने आवर्जून नमूद केले आहे. एवढी मोठी रात्र आणि तीत कुत्र्यांची आठवण! त्या रात्री ते आपल्यासाठी गप्प राहिले. आता त्यांची भीती ओळखणे आपल्याकडे लागते.

येथवर लिहून थांबले असते, पण एक गोष्ट राहिली आहे. ती मी माझ्या मुलाच्या परवानगीने लिहीत आहे.

७ ऑक्टोबर २०२३ हा दिवस शब्बाथ होता आणि सिम्हाथ तोराचा सणही. त्या सकाळी काय झाले ते सांगायला नको. माझा मुलगा मिलुइमवर गेला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये घरी आला. जेवत होता, कामावर जात होता, मुलाचा अभ्यास घेत होता. बोलत मात्र कमी होता. भेटायला येणारे म्हणत, "देवाची कृपा, पोरगा शांत आहे." मीही म्हणत होते.

मार्चमध्ये पुरीम आला, आपल्या आजीआजोबांचा होळीचा सण. दुपारी सगळे आमच्याकडे होते. रस्त्यावर पोरे नेफात्सिम उडवीत होती. पहिल्या बारालाच शोको ममादमध्ये पळाला. मुलगा उठला, म्हणाला, "मी बघतो त्याला," आणि आत गेला. अर्धा तास झाला तरी येईना, म्हणून मी चहा घेऊन गेले. तो जमिनीवर भिंतीला पाठ लावून बसला होता. कुत्र्याचे डोके त्याच्या मांडीवर होते आणि कुत्र्याच्या कानावर ठेवलेला त्याचा हात थरथरत होता.

चहा मी खाली ठेवला. 'नुसते फटाके आहेत' हे वाक्य ओठांपर्यंत आले होते, ते गिळले आणि शेजारी बसले. बऱ्याच वेळाने तो बोलला. एरवी आमच्याशी हिब्रूत बोलणारा मुलगा मराठीत म्हणाला, "आई, दार लाव."

मी दार लावले. त्यानंतर काही दिवसांनी तो उपचारासाठी जाऊ लागला. अजून जातो. आता बोलतो, कधी चिडतोही. घरात पूर्वीपेक्षा आवाज जास्त आहे.

त्याच्यासारखे पुष्कळ आहेत. २०२२ सालीच या देशातल्या अनेक नगरपालिकांनी, लढाईतून मनाला जखम घेऊन आलेल्या सैनिकांचा विचार करून, योम हाआत्समाउतची आवाजाची आतषबाजी रद्द केली होती. तेव्हा काहीजणांनी कुरकुर केली की सणाची मजा गेली. मला वाटते, ज्याच्या आवाजाने शेजारच्या घरात कोणी पलंगाखाली जातो, ती मजा गेली तर सण गेला असे होत नाही.

म्हणून एक विनंती करते. येत्या सणाला पाहुण्यांच्या खुर्च्या मोजताना घरात आणि शेजारी कोण गप्प आहे हेही पाहावे. मग तो कुत्रा असो, म्हातारी मावशी असो की लढाईवरून आलेला मुलगा असो. आपल्या घरातल्या पोरांना फटाके विकत घेण्याआधी जवळ बसवून हे सांगावे. मुलांना सांगितले तर ती ऐकतात, हा माझा चाळीस वर्षांचा अनुभव आहे.

आपणा सर्वांना सणाच्या शुभेच्छा. हाग समेआह.